अंगठ्याची बाटली

पुलावरून पाणी जायला लागून नऊ दिवस झाले होते आणि वहिनींच्या दुकानात माल येणं त्याच दिवसापासून बंद होतं. कंपनीची गाडी नदीपलीकडे अडकलेली. फोनचा टॉवरही चार दिवसांपासून मेलेला. मधल्या फळ्या ओस पडल्या होत्या. काल एक दिवस एका फळीवर बारा बाटल्या दिसल्या आणि दिवे लागायच्या आत त्याही गेल्या.

आज सकाळी दूधवाला नावेतून या काठाला आला आणि काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. त्याला दारूचं काही नव्हतं, पण बातमी सांगायला गावात याच्याइतकी चांगली जागा नव्हती.

"वरच्या वस्तीत, वीटभट्टीवर," तो म्हणाला. "परवा तिघं प्यायले. दोघं गेले. तिसरा दवाखान्यात आहे, पण त्याला दिसत नाही म्हणतात."

"काय प्यायले?" वहिनींनी विचारलं.

"निळ्या कॅनमधलं काहीतरी. पूर आला, दुकानं रिकामी झाली, की असले लोक उगवतातच. ट्यूबवर तरंगत येऊन विकून गेला म्हणे." दूधवाल्याने मान हलवली. "तुमचं बरं आहे वहिनी. तुमच्याकडे अंगठा असतो."

वहिनी हसल्या. निदान तसं तोंड केलं. दूधवाला किटली उचलून गेला आणि त्यांनी हात काउंटरवरून खाली घेतला. त्या हाताचा अंगठा निळा होता.

तो अंगठा गेली नऊ वर्षं निळाच होता. परवाना मिळाला तेव्हा या दुकानात माशा मारायलाही माणूस फिरकत नसे. स्टँडजवळच्या दुकानाला रंगीत दिव्यांची माळ होती, गाणी होती. इथे होत्या वहिनी आणि तक्रार करणारं गिऱ्हाईक. सगळेच पाणी घालतात, लोक म्हणत. आणि ते खोटं नव्हतं, कारण कंपनीचं झाकण उघडून परत बसवणारे हात सगळ्यांनी पाहिले होते. मग वहिनींनी कागदाच्या पट्ट्या कापल्या, झाकणावरून मानेपर्यंत खळीने चिकटवल्या आणि वर शिक्क्याच्या शाईत बुडवून अंगठा उठवला. पट्टी फाटलेली दिसली तर पैसे परत. लोक पोट धरून हसले. वहिनी, शाळेत गेला नाहीत का, म्हणाले. वहिनी मॅट्रिक होत्या. सही कुणीही मारतो, अंगठा माझाच लागतो, एवढंच त्या म्हणाल्या.

वर्षभरात स्टँडजवळच्या दुकानाने माळ काढली. लोक कंपनीचं नावही घेईनासे झाले. येत आणि म्हणत, "एक अंगठा द्या." त्यात वहिनींच्या इतर युक्त्याही होत्या. दारात उभं राहून कुणी प्यायचं नाही. बाटली कागदात अशी बांधायची की साबण आहे का तेल, कळू नये. आणि ज्याची बायको येऊन सांगून जाईल, त्याला द्यायची नाही, त्याने कितीही आदळआपट केली तरी. त्या बायकांमुळे दुकान बुडेल असं मालकांना वाटलं होतं. उलट त्याच बायका नवऱ्यांना बजावत, आणायचीच असेल तर तिकडूनच आण.

मालक म्हणजे वहिनींचा नवरा. या वेळी तो मागच्या खोलीत रिकाम्या क्रेटवर बसला होता. एक डोळा तळव्याने झाकून समोरचं कॅलेंडर बघत होता. मग दुसरा डोळा झाकला.

वहिनी दारात थांबल्या. दूधवाल्याचा आवाज आतपर्यंत येतो हे त्यांना माहीत होतं.

"कॅन निळाच होता ना?" त्यांनी विचारलं.

त्याने पुन्हा पहिला डोळा झाकला.

"काल मी तुम्हाला विचारलं, माल कुठून आला. तुम्ही म्हणालात, गोदामातला जुना आहे. विचारत बसू नकोस, पट्ट्या लाव."

"फळी रिकामी दिसली की गिऱ्हाईक तुटतं, हे तूच म्हणतेस," तो म्हणाला. "कालव्यावर काल पगार होता. मुकादम दोनदा विचारून गेला. मी काय करणार होतो?"

याचं उत्तर वहिनींना स्वतःलाच द्यायचं होतं. काल बाटल्या हातात घेताना वास वेगळा आला होता. झाकणं जुनी होती, तेही दिसलं होतं. क्षणभर त्या थांबल्याही होत्या. आणि मग बारा वेळा अंगठा उठवला होता.

"तुम्ही चाखलंत?"

"झाकणभर."

"दिसतंय ना?"

"दिसतंय. मघाशी आकडे जरा पसरल्यासारखे वाटले."

"कॅलेंडर ओलं झालंय. छप्पर गळतंय तिथे."

त्याने उठून कॅलेंडरला बोट लावून पाहिलं. ते खरंच ओलं होतं. तो पुन्हा क्रेटवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. या माणसावर चिडावं की त्याचे डोळे हातात धरून बसावं, हेच वहिनींना कळेना.

"ऐक," तो हातांआडून म्हणाला. "बाटल्या परत आण. काहीही सांग, पण खरं सांगू नकोस. एकालाही नाही. सांगितलंस तर आपण दोघंही आत जाऊ. अंगठे तुझे आहेत."

धमकी म्हणून तो हे बोलला नव्हता. जे होतं ते त्याने सांगितलं. म्हणूनच ते जास्त लागलं.

स्वयंपाकघरात सासूबाई चुलीवर खळ ढवळत होत्या. पट्ट्यांची खळ नऊ वर्षं त्याच करत आल्या होत्या आणि आपल्या खळीवरच दुकान चालतं असा त्यांचा समज होता.

"उद्याची करून ठेवते," त्या म्हणाल्या. "पाणी उतरलं की गाडी येईल."

"नको आई," वहिनी म्हणाल्या. "आज राहू द्या."

"छत्री घेऊन कुठे निघालीस?"

"एक स्कीम काढली आहे. सांगून येते लोकांना."

स्कीम वहिनींना दारातून बाहेर पडता पडता सुचली होती. एकाला दोन. कालची बाटली परत द्या, गाडी आली की दोन घ्या. चांगल्या दुकानदाराचं डोकं असं असतं. घर जळत असलं तरी ते गिऱ्हाइकाचा विचार करतं. स्वतःच्या या हुशारीची वहिनींना पावसात चालताना शिसारी आली.

कालव्याच्या छावणीवर आठ बाटल्या होत्या. मुकादमाने त्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवल्या होत्या, कारण काँक्रीटचा शेवटचा थर आज संध्याकाळी पुरा व्हायचा होता आणि त्याआधी बाटली दिसली असती तर एकानेही घमेलं उचललं नसतं. मुकादम गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होता. त्याने स्कीम नीट ऐकून घेतली.

"म्हणजे आज आठ द्यायच्या आणि सोळा मिळणार पूल उघडल्यावर," तो म्हणाला. "आणि आज रात्री या पोरांना मी काय पाजू, कालव्याचं पाणी?"

"एकाला तीन," वहिनी म्हणाल्या.

मुकादमाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "वहिनी, तब्येत बरी आहे ना? तुम्ही नऊ वर्षांत कधी बूच फुकट दिलं नाहीत."

"माल बदलून आलाय. दुसरा चांगला येणार आहे. माझ्या अंगठ्याखाली हलकं जायला नको."

हे त्याला पटलं. असलं काही वहिनीच बोलू शकतात, असं तो शेजारच्याला म्हणालाही. त्याने पेटी उघडली. वहिनींनी एकेक बाटली काढून पिशवीत ठेवली, प्रत्येकीची पट्टी बोटाने चाचपली. सात होत्या.

"आठवी?"

"आठच ठेवल्या होत्या," मुकादम म्हणाला आणि त्याचा पारा चढला. "मिक्सरवाल्याकडे दुसरी किल्ली असते. सकाळपासून अंगात कणकण आहे म्हणून झोपलाय साला."

वहिनी पत्र्याच्या शेडकडे धावल्या. चिखलात एक चप्पल रुतून राहिली, ती तिथेच राहिली. शेडमध्ये मिक्सरवाला पालथा पडला होता, एक हात खाटेखाली लोंबत होता. त्यांनी त्याचा खांदा धरून हलवला. तो हलला नाही. पुन्हा हलवला. वहिनी मुकादमाला हाक मारणार, तेवढ्यात त्याने एक सणसणीत शिवी दिली आणि मान वळवली. मग समोर वहिनी दिसल्या तसा तो धडपडत उठून बसला.

"वहिनी, मला वाटलं मुकादम आहे."

"माझ्या कानात काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"काय?"

"कानात काय आहे माझ्या, सांग लवकर."

"बारीक खडा," तो भांबावून म्हणाला. "पांढरा."

बाटली त्याच्या उशाखाली होती. पट्टी शाबूत होती. अंगात ताप होता तो नुसता ताप होता. वहिनींनी बाटली घेतली आणि चप्पल चिखलातून ओढून काढली. बांध चढताना मुकादमाने हात दिला.

बाजारात तीन होत्या. पिठाच्या गिरणीवाल्याने तीन मिळणार म्हटल्यावर काही न विचारता बाटली काढून दिली आणि वर पाठीमागून हाक मारून कबूल केलंय बरं का, असं बजावलं. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याने ऑइलच्या डब्यामागून काढली. न्हाव्याकडे मात्र वेळ गेला.

न्हावी दाढी करत होता. खुर्चीतल्या माणसाच्या गळ्यावर वस्तरा होता आणि न्हाव्याला घाई नव्हती.

"दुकानदार स्कीम काढतो," तो आरशातून वहिनींकडे बघत म्हणाला, "तेव्हा त्यात दुकानदाराचा फायदा असतो. आता एकाला तीन यात तुमचा फायदा कोणता, ते काही माझ्या डोक्यात शिरत नाही."

"तुम्हाला तीन मिळतायत ना?"

"ते मिळतायत हो. पण कारण कळलं की जरा मजा येते." त्याने गिऱ्हाइकाचं तोंड दुसरीकडे वळवलं. "जरा तो टॉवेल धरा. पडतोय."

वहिनींनी टॉवेल धरला. साबणाचा फेस लागलेला ओला टॉवेल हातात घेऊन त्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. खुर्चीतला माणूस फेसातून दात काढत होता. न्हाव्याने दोन्ही गाल घोटले, तुरटी फिरवली, मानेवरचे केस झटकले. मग आरशामागून बाटली काढली आणि उजेडाकडे धरली.

"अंगठा तुमचाच ना हा?"

"माझाच."

"मग त्यात वाईट काय असणार?"

वहिनींनी हात पुढे केला. न्हाव्याने थोडं थांबून, त्यांना तिष्ठत ठेवून, बाटली त्या हातावर ठेवली.

घरी मालकांनी अकरा बाटल्या मागच्या खड्ड्यात ओतल्या. वरून माती लोटली. ओतण्याआधी प्रत्येक पट्टी नखाने खरवडून काढली होती आणि सगळ्या पट्ट्या चुलीत घातल्या होत्या. सासूबाई काय जळतंय म्हणून विचारत राहिल्या.

"अकरा," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण ते चोळून चोळून. "बारावी कुठे आहे?"

"मला माहीत आहे."

"कुणाकडे?"

"ते नाही सांगायचं. तसा शब्द दिलाय. तो अंधार पडल्याशिवाय तोंडाला लावत नाही. वेळ आहे अजून."

वेळ आहे, हे त्या सकाळपासून स्वतःला सांगत होत्या. म्हणूनच त्यांनी ती शेवटी ठेवली होती.

बारावी बाटली नावाड्याची होती. त्याला गाव कोरडेकाका म्हणे, कारण आयुष्य पाण्यात काढून हा माणूस कधी प्यायला नव्हता. पूल नव्हता तेव्हा त्याच्या नावेत लोकांनी बाळंतिणी बसवल्या होत्या. पूल झाला तसं त्याचं पोट मारलं गेलं. आता पुराचे हे नऊ दिवस पुन्हा त्याचे दिवस होते. त्याच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते त्याच्या शुद्धीवरच्या भरवशाने. पण गेल्या हिवाळ्यात त्याची बायको गेली. त्यानंतर एकदा तो दुकानाच्या मागच्या दाराशी आला, खाली बघत उभा राहिला आणि म्हणाला, रात्री झोप लागत नाही. तेव्हापासून दर आठ दिवसांनी वहिनी घाटावरच्या त्याच्या लाकडी पेटीत, जाळ्याखाली, एक बाटली ठेवून येत. मालकांनाही ठाऊक नव्हतं.

वहिनी घाटावर पोचल्या तेव्हा पाऊस थांबला होता. ढग फाटले होते आणि कित्येक दिवसांनी ऊन पडलं होतं. त्यांनी आधी पेटी उघडली. जाळं बाजूला केलं. खाली काही नव्हतं.

नावेत पाच माणसं बसली होती. दोघं सायकल घेऊन, एक बाई मोठं बोचकं घेऊन, एक शिंपी, एक म्हातारा. कोरडेकाका काठाशी खुंटीजवळ वाकले होते.

"काका, जरा बाजूला येता?"

"इथेच बोला वहिनी. पाण्याला ओढ आहे, खोळंबून चालणार नाही."

"माझी एक वस्तू तुमच्याकडे आली आहे. बदलून द्यायची होती."

नावेतल्यांनी माना वळवल्या. मग शिंपी हसला. "वहिनींच्या दुकानातली वस्तू, आणि कोरडेकाकांकडे?"

सगळेच हसले. काकांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता आणि रागाखाली विनवणी होती. माझं पोट यावर आहे, असं ते तोंड म्हणत होतं.

"माझ्याकडे तुमच्या दुकानातलं काय असणार?" ते म्हणाले. "चुकून आलात तुम्ही."

इथे एकाला तीन चालणार नव्हतं. एकाला शंभर म्हटलं तरी हा माणूस पाच जणांसमोर हो म्हणणार नव्हता. संध्याकाळी यावं, शेवटची खेप झाल्यावर एकट्याला गाठावं, असं वहिनींनी ठरवलं. तोंड मिटायचं म्हटलं की किती बरं वाटतं. त्या वळल्यासुद्धा.

वळताना त्यांना काकांचा हात दिसला. दोरी सोडायला त्यांनी खुंटीकडे हात नेला आणि तो खुंटीच्या वीतभर बाजूला, नुसत्या हवेत मिटला. त्यांनी तो परत नेला. चाचपत चाचपत खुंटी शोधली.

वहिनी तिथेच ओल्या पायरीवर बसल्या आणि बसल्या बसल्या बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"काका, ती दारू वीटभट्टीवरची आहे. नवऱ्याने निळ्या कॅनमधली भरली, आणि मी वास घेऊनही तिच्यावर अंगठा उठवला. बाकीच्या अकरा ओतल्या. तुमचीच राहिली आहे."

बोचक्यावाली बाई उठून उभी राहिली तशी नाव हलली.

काका खुंटीला धरून राहिले. त्यांनी विचारलं, "खरं?"

"खरं. प्यायलात का तुम्ही?"

"पहाटे वीटभट्टीवरच्या एका पोराला पलीकडे नेलं," ते म्हणाले. "झाकून. त्याची आई पायाशी बसली होती. परत येताना माझे हात थांबेनात. कधी नाही ते दिवसाउजेडी घेतली, चार घोट. वहिनींची बाटली म्हणून घेतली. दुसऱ्या कुणाची असती तर आज हातही लावला नसता."

नावेतली माणसं एकेक करून उतरली. सायकलवाल्यांनी सायकली खांद्यावर घेतल्या. शिंपी वहिनींच्या अंगाला अंग लागू नये अशा बेताने वर गेला. म्हातारा जाताना थुंकला.

"तुम्हाला दिसतंय का काका?"

"हात ठीक आहेत माझे," काका म्हणाले. "धुकं तेवढं आहे. सकाळपासून उठलंच नाही."

वहिनींनी नदीकडे पाहिलं. पाणी लखलखत होतं. पलीकडचा काठ धुतल्यासारखा स्वच्छ होता. दवाखान्याची पांढरी भिंत दिसत होती, तिला लागून पोलीस चौकीचं लाल छप्पर दिसत होतं, चौकीच्या व्हरांड्यात वाळत घातलेला शर्टसुद्धा दिसत होता.

"हो," त्या म्हणाल्या. "आहे थोडं धुकं." आणि लगेच त्यांना रडू कोसळलं. "नाही काका. धुकं नाही. लख्ख ऊन आहे. आत्ताच्या आत्ता पलीकडे दवाखान्यात जायला हवं."

"कोण नेणार?" काकांनी शांतपणे विचारलं. "या पाण्यात नाव घालणारा मी एकटाच."

वरून कुणीतरी धावत येत होतं. मालक होता. शिंप्याने वाटेत गाठून त्याला सांगितलं असावं. तो पायऱ्यांवर घसरला, सावरला आणि लांबूनच ओरडला, "बाटली टाक. नदीत टाक ती आधी."

काकांनी नावेच्या फळीखाली हात घालून बाटली काढली होती. ती चार बोटं उणी होती. पट्टी मधोमध फाटली होती आणि अंगठा अर्धा या बाजूला, अर्धा त्या बाजूला झाला होता. वहिनींनी ती घेतली. पाणी अगदी पायाशी होतं. हात सोडला असता तर झालं असतं.

"डॉक्टर विचारतील काय प्यायले," त्या म्हणाल्या. "त्यांना दाखवायला हवी."

"तिथे चौकी आहे," मालक म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तुझा अंगठा आहे तिच्यावर."

"तुम्हीही चला. झाकणभर का होईना, तुम्हीही घेतली आहे."

तो पायरीवर उभा राहिला. एकदा नावेकडे, एकदा वर गावाकडे बघत राहिला. वहिनी त्याच्यासाठी थांबल्या, मोजके दोन श्वास थांबल्या. मग त्यांनी खुंटीची दोरी सोडली, बाटली पिशवीत घालून पिशवी मांडीवर घेतली आणि नावेच्या टोकाला, पुढे तोंड करून बसल्या. त्यांना पोहता येत नव्हतं. पाण्याची त्यांना लहानपणापासून भीती होती.

काका चाचपत नावेत चढले आणि त्यांनी वल्हं मारलं. ओढीने नाव एकदम आडवी झाली आणि वहिनींनी दोन्ही हातांनी कड धरली.

"पुढे काय आहे?" काकांनी विचारलं.

"झाड. मोठं, मुळासकट. वाहत येतंय."

"कुठल्या बाजूने?"

"उजव्या."

"किती लांब?"

"आपल्या दुकानापासून गिरणीइतकं."

काकांनी वल्हं दुसऱ्या बाजूला घेतलं. त्यांच्या हातात जोर होता आणि डोळे मिटलेले होते. वहिनी बोलत होत्या, कारण गप्प बसलं की मागे फक्त काकांचा श्वास ऐकू येई.

"बोलत राहा वहिनी," काका म्हणाले. "तुम्ही सांगाल तशी नेतो."

"डावीकडे घ्या," वहिनी म्हणाल्या. "अजून थोडं डावीकडे. हां, आता सरळ."